एकोणीस मिलिमीटरची पाचर

अण्णा, या हातांनी आजवर काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं लिहायला थोडं बळ येईल. ताईच्या बदलापूरच्या घराच्या सहा खिडक्यांच्या जाळ्या, ज्यांचा एकही सांधा पुन्हा जोडावा लागला नाही. बुवापाड्याच्या आपल्या खोलीतला पोटमाळा, ज्यावर तुम्ही स्वतः चढून दोनदा उडी मारून बघितलीत. विहारातलं पुस्तकांचं कपाट, सागवान परवडेना म्हणून आंब्याच्या लाकडाचं, पण बिजागऱ्या पितळेच्या. कुबड्यांच्या दोन जोड्या, त्यातली एक माझी. हॉस्पिटलच्या लोखंडी खाटा, किती ते आठवत नाही, पण एकही डुगडुगत नव्हती. डेपोतल्या अवजारांच्या खोलीतला फळा: त्यावर प्रत्येक पान्याची बाह्यरेघ पांढऱ्या रंगाने काढली होती, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते दारातूनच कळावं. आणि एक पाऊल, उजवं. आत लाकडाचा ठोकळा, वरून रबर, बोटांच्या बाजूला वाकावं म्हणून टायरचे तीन थर. यातलं काहीच मी शाळेत किंवा आयटीआयमध्ये शिकलो नाही. बघून शिकलो आणि बिघडवून शिकलो. त्या पावलाच्या टाचेखालची पाचर मात्र माझी नाही. ती तुम्ही केलीत, म्हणून यादीत धरलेली नाही.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मी आता एकोणपन्नासचा आहे, बदलापूरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो, हवालदाराची पेन्शन घेतो. लिहायला बसण्याचं कारण तसं साधं आहे. गेल्या आठवड्यात लष्कराच्या इस्पितळात नव्या पायाचं माप द्यायला गेलो होतो. माप घेणारी मुलगी असेल पंचविशीची. तिने टेप हातात घेण्याआधीच विचारलं, "काका, घरात अनवाणी असता की चप्पल घालता?" पहिलाच प्रश्न तो. मी उत्तरच दिलं नाही. तिला वाटलं मला ऐकू कमी येतं, तिने मोठ्याने परत विचारलं. अण्णा, जो प्रश्न आता वहीत छापलेला असतो, तो मला एकदा सगळं हातचं घालवून कळला होता, आणि तुम्हालाही.

मी सत्तावीस वर्षांचा असताना घरी आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. आठ वर्षं नोकरी झाली होती, ड्रायव्हर होतो. डोंगरातल्या रस्त्यावर दरड आली, गाडी कलंडली, उजवा पाय दरवाज्याखाली सापडला. त्यापुढचं इस्पितळाचं वर्ष सोडून देतो. मेडिकल बोर्ड बसला, कागदावर 'सेवेस अयोग्य' असा शिक्का आला, पेन्शन ठरली आणि मला घरी पाठवलं. आई त्याआधीच गेलेली. अंबरनाथ पश्चिमेच्या रिक्षा स्टँडवर तुम्ही एकटे उभे होता, कारखान्यातून रजा न घेता फक्त दोन तासांची सुट्टी काढून. रडला नाहीत. माझी ट्रंक घेतलीत. रिक्षात बसल्यावर माझ्या पँटच्या रिकाम्या भागावर हात ठेवून विचारलंत, "किती ऱ्हायलाय?"

"गुडघ्याखाली सात इंच."

"मंग भरपूर हाय," तुम्ही म्हणालात, आणि बाहेर बघू लागलात. ग्राइंडिंगच्या खात्यात एकवीस वर्षं काढलेला माणूस. तुमच्या हिशेबात सात इंच म्हणजे मशीनला पकडायला पुरेसा माल होता.

बाकी कोणाच्या हिशेबात नव्हता. बुवापाड्यात मी गल्लीतून जायला लागलो की बायका पाण्याच्या कळश्या बाजूला घेत, गडी माणसं गप्पा थांबवत. "बिचारा," असं पाठीमागे ऐकू येई. ठरलेलं लग्न समोरच्यांनी मोडलं, तेही फार नम्रपणे, हात जोडून. मला त्या नम्रपणाचा जास्त राग आला. फौजेतून माणसं बाहेर पडतात ती मुदत संपल्यावर, हारतुरे घालून, गेटपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत. मला स्ट्रेचरवरून काढलं होतं आणि कागद पोस्टाने आले होते. मला त्या गेटमधून चालत बाहेर यायचं होतं, आणि त्यासाठी आधी चालत आत जायला हवं होतं. एकदा बोर्डाने घरी पाठवलेल्याला परत घेणं जवळजवळ होतच नाही, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या जुन्या पलटणीच्या साहेबांनी लिहून दिलं की याच्या हातात कसब आहे, डेपोच्या दुरुस्तीखान्यात याचा उपयोग होईल. अर्जावर अर्ज गेले. शेवटी उत्तर आलं: नवीन बोर्डासमोर हजर व्हा, उभं राहून आणि चालून दाखवा.

तुम्ही ते पत्र दोनदा वाचलंत. मग घडी घालून आईच्या तसबिरीमागे ठेवलंत आणि म्हणालात, "परत जायाचंच हाय का?"

"अण्णा, बाहेर मला कोण काम देणार? एका पायाचा ड्रायव्हर कोण ठेवतो?"

तेव्हा ते खरं होतं. हे नीट नोंदवतो, कारण पुढे ते खरं राहिलं नाही.

तुमचा दम तेव्हाच लागायला लागला होता. नळावरून हंडा आणताना तुम्ही मध्ये एकदा थांबत होता आणि थांबलात असं दिसू नये म्हणून कुणाशी तरी बोलायला लागत होता. मी गेलो असतो तर खोलीत तुम्ही एकटे उरणार होता. हे आपल्या दोघांनाही माहीत होतं, आणि आपण दोघांनीही ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

इस्पितळाने दिलेल्या पायाची वरची वाटी, जिच्यात उरलेला पाय बसतो, ती चांगली होती, पाऊल मात्र दगडासारखं. त्यावर परेड होणार नाही हे मला आठवड्यात कळलं. मग मी स्वतःचं पाऊल करायला घेतलं. रबर आणि नळीचे तुकडे आणायला उल्हासनगरच्या कॅम्प पाच या वस्तीत जायचो. तिथे एका सिंधी सेठचं वर्कशॉप होतं. खाटा, वॉकर, चाकाच्या खुर्च्या बनवायचा. पोट पुढे, चष्मा कपाळावर, तोंडात सदा बडीशेप. पहिल्या दिवशी मी तुकडे निवडत बसलो तर म्हणाला, "ए फौजी, भंगार में सोना ढूंढतो काय?" दुसऱ्या महिन्यात त्याच्या खाटा मीच जोडत होतो, रोजावर. माझं काम बघून तो कारागिरांना ओरडायचा, "देखो, एक टांग का आदमी सीधी खाट बनवतो, आणि तुम्ही दोन टांगवाले वाकडी!" मला ते आवडायचं. त्याने मला कधी 'बिचारा' म्हटलं नाही. परत फौजेत जायचं म्हटल्यावर मात्र तो कपाळाला हात लावायचा. "चरिया आहेस तू साईं, एकदम चरिया. डोका फिरलाय तुझा."

पाऊल तयार झालं. चौथं. आधीची तीन मी फोडली. आता बघा मी काय चूक केली. फौजेत बूट असतात, म्हणून मी पाऊल बुटात बसवून जुळवलं. टाचेची उंची, नडगीचा कल, सगळं बुटाला धरून. आणि सराव करायचा म्हणून उठल्यापासून झोपेपर्यंत बूट घालायला लागलो. घरातसुद्धा. अण्णा, आपल्या घरात. जिथे आईने सावकारासारख्या तोऱ्यात आलेल्या पाहुण्यालाही उंबऱ्याबाहेर चप्पल काढायला लावली होती. मी काळे बूट घालून चुलीपर्यंत जात होतो, तसबिरींसमोरून खटखट चालत होतो, जेवायलाही खुर्चीवर बूट घालूनच बसत होतो. ताई बदलापूरहून आली की कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "बूट घालून भाकरी खातोय! साहेब झालास का रे?" मी म्हणायचो, "सराव आहे." तुम्ही मान खाली घालून जेवत होता. चार महिने तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मी कॅम्प पाचला गेलो की तुम्ही ओल्या फडक्याने फरशी पुसून घेत होता, हे मला ताईकडून नंतर कळलं.

मी बुटात चांगला चालत होतो. गर्वाने सांगतो, फार चांगला चालत होतो. बदलापूरला ताईच्या इमारतीपुढे नवा रस्ता खणून ठेवला होता, त्या खडीवरून मी दोन किलोमीटर न थांबता जात होतो.

बोर्डाच्या खोलीत तीन डॉक्टर होते. मधले मोठे साहेब माझे कागद चाळत होते. मी दारापासून टेबलापर्यंत चालत गेलो, सावधान उभा राहिलो. त्यांनी मान वर केली, त्यांना आवडलेलं दिसलं. मग म्हणाले, "ठीक है. जूते उतारो, जवान."

"सर, जूते में ही प्रॅक्टिस..."

"नंगे पाँव. दोनों."

मी बाकावर बसून बूट काढतो. हे मला आजही दिसतं. डावा मोजा, उजवा मोजा. लाकडी पाऊल थंड फरशीवर ठेवतो आणि उठतो. टाच खाली जाते, बुटात तिला जितका आधार होता तितकी खाली, आणि नडगी मागे कलते, आणि मी तिच्याबरोबर. जणू कुणी छातीवर तळवा ठेवून हळूच ढकललं. मी वजनकाट्याचा दांडा पकडला. काटा माझ्याबरोबर वाजत आला. "फिर से," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी फिर से केलं. तिसऱ्यांदा त्यांनी करायला लावलं नाही. उभं राहणं अस्थिर, असा शेरा पडला. तो लिहीत असताना ते हळू आवाजात म्हणाले, "छह महीने बाद एक मौका और मिल सकता है. अर्ज देना."

मी घरी आलो तेव्हा तुम्ही दारात बसला होता. माझं तोंड बघून तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "पडलास?"

"बूट काढायला लावले."

मी बूट पायात तसेच ठेवून आत पाऊल टाकलं, आणि आयुष्यात दुसऱ्यांदा तुम्ही माझ्यावर ओरडलात. "थांब तितंच! बूट काढ."

मी उंबऱ्यावर थांबलो.

"आरं, फौजेतला माणूस काय बूट घालून झोपतो? आंघूळ बूट घालून करतो? विहारात बूट घालून वंदना घेशील? तू बुटाचं माप घेतलंस लेका. पायाचं घ्यायला पायजे हुतं!" मग तुम्हाला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी एका पायावर उंबऱ्यात उभा होतो, एक बूट हातात. खोकला थांबल्यावर तुमचा आवाज पार खाली गेला. "चूक माजी हाय. पयल्या दिवशीच तुला अडवायला पायजे हुतं. दुसरं कुनी घरात बूट घालून आलं असतं तर मी त्याला हाकलला असता. पोरगं असं झालंय, आता त्याला काय बोलायचं, म्हनून गप ऱ्हायलो. अडवलं असतं तर तुज्या ध्यानात आलं असतं ना."

अण्णा, सगळ्या बुवापाड्याने माझी कीव केली आणि माझं काही बिघडलं नाही. तुम्ही केलीत आणि माझा बोर्ड गेला. पण ते असं तोंडावर कबूल करणारे तुम्हीच एकटे होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी घरी आलोय.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पाचर करायला घेतलीत. मला हात लावू दिला नाहीत. कारखान्यातून साहेबांना विचारून नायलॉनचा एक तुकडा आणलात, मला अनवाणी भिंतीशी उभं केलंत, ओळंबा सोडलात आणि माझ्या टाचेखाली पोस्टकार्डं सरकवत गेलात. एक, दोन, दहा, वीस. नडगी ओळंब्याला लागली तशी ती गड्डी तुम्ही दोऱ्याने बांधून घेतलीत आणि मोजलीत. एकोणीस मिलिमीटर. मग रोज संध्याकाळी शिफ्टवरून आल्यावर दारात बसून कानस चालवत होता. मागे एकोणीस, पुढे बोटांच्या मुळाशी शून्य, मध्ये कुठेही फुगवटा नाही. मध्येच थांबून दम खात होता. मी म्हणालो, "अण्णा, मशीनवर दहा मिनिटांचं काम आहे."

"मशीनला तुजा पाय म्हाईत न्हाई," तुम्ही म्हणालात.

बुटात जाताना पाचर काढायची, अनवाणी असताना दोन पट्ट्यांनी टाचेखाली बांधायची. एवढी साधी गोष्ट. मी चार पावलं केली आणि मला ती सुचली नव्हती. मी घरात अनवाणी चालायला लागलो. फरशीवर आवाज होत नव्हता. तुम्ही डोळे मिटून पडलेले असायचात आणि ऐकत असायचात. मला कळायचं.

दुसऱ्या बोर्डात तेच साहेब होते. मी एक मिनिट डोळे मिटून अनवाणी उभा राहिलो, खाली बसलो, उठलो, फरशीवर आखलेल्या पट्टीवरून चाललो, बूट घालून पुन्हा चाललो. त्यांनी पाचर हातात घेतली, उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला. "मशीन का काम है?"

"हाथ का, सर. मेरे पिताजी का."

"क्या करते हैं?"

"ग्राइंडिंग, सर."

त्यांनी ती परत देताना दोन्ही हातांनी दिली. आघाडी नाही, गाडी नाही, फक्त डेपोचं काम, अशा अटी घालून त्यांनी मला घेतलं.

निघायच्या दिवशी कल्याणपर्यंत रिक्षा केली होती. तुम्ही ट्रंक उचलायला गेलात, मी उचलू दिली नाही, मग तुम्ही तिची एक कडी धरलीत आणि मी दुसरी, आणि आपण गल्लीतून तसे चालत आलो. कुणी 'बिचारा' म्हणालं नाही. रिक्षात बसल्यावर तुम्ही बाहेरून माझ्या खांद्यावर हात ठेवलात. माझं मन खट्टू होऊ नये म्हणून म्हणालात, "जा. बाहेर तुला कुनी काम देनार न्हाई, तू म्हनतोस ते खरं हाय. माजी काळजी करू नगं." माझेच शब्द तुम्ही माझ्या हातात दिलेत, वाटेत खायला शिदोरी द्यावी तसे. मी ते घेतले आणि गेलो.

पुढची अकरा वर्षं मी डेपोत काढली. सुट्टीत येत होतो, तुम्ही दर खेपेला अर्धा इंच लहान दिसत होता. तिसऱ्या वर्षी ताई तुम्हाला बदलापूरला घेऊन गेली. तिथेच तुम्ही गेलात, आणि मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. भावजींनी मला नदीकाठच्या स्मशानात नेलं, तिथे दाखवण्यासारखं काही नव्हतं. मुदत संपली तेव्हा मी गळ्यात हार घालून गेटमधून चालत बाहेर आलो. अगदी हवं होतं तसंच. छाती भरून आली होती हे नाकारणार नाही. खोटं कशाला लिहू, तो दिवस पुन्हा द्या म्हटलं तर मी पुन्हा घेईन.

पण तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सुमारास, ताईच्या ओट्याशी बसून मी चहा पीत होतो. ती भांडी घासत होती, माझ्याकडे पाठ करून. म्हणाली, "शेवटच्या दिवसांत शेजारच्या काकू विचारायच्या ना, मुलगा कुठंय, तर अण्णा चिडायचे. म्हणायचे, त्याला इकडं कुनी काम दिलं न्हाई ओ, त्यो काय करनार? न्हाईतर माजं पोरगं मला टाकून जानाऱ्यातलं न्हाई." मग तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "तुझी बाजू घेऊनच गेले बघ." मी कप खाली ठेवला. मी तेव्हा तिला काही बोललो नाही, नंतरही नाही. हा कागदही ती बघणार नाही. पेन्शनच्या कागदांखाली ठेवणार आहे, तिथे फक्त मीच जातो.

काम मिळालं होतं, अण्णा. दुसऱ्या बोर्डाच्या नऊ दिवस आधी, तुम्ही दारात बसून पाचरीला शेवटचा पॉलिश कागद मारत होता त्या संध्याकाळी, मी कॅम्प पाचमध्ये होतो. सेठने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाही. वर्कशॉपच्या बाजूची शेड माझ्या नावाने चालवायची, फक्त कृत्रिम पावलं आणि कुबड्या करायच्या, हाताखाली तीन माणसं, नफ्यात चार आणे माझे. शेडच्या मागे पंखा आणि नळ असलेली खोली होती. ती त्याने मला उघडून दाखवली आणि म्हणाला, "तुझा बाप को इधर ले आ. खासतो ना तो? इधर बैठेगा, तेरे को देखत बसेल." मी त्या खोलीत उभा राहिलो. तुमची खाट कुठे बसेल ते मी नजरेनेच मापलं. बसत होती. मग मी त्याला सांगितलं की मला फौजेत जायचंय, आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं की आजही काही पक्कं काम मिळालं नाही. शेड, चार आणे, तुमच्यासाठी खोली, आणि पगार, फौजेत हातात यायचा त्याच्या जवळजवळ दुप्पट: महिना अकरा हजार रुपये.